हिवाळ्यातला बादांचा हिशेब

अमेरिकेतील मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत प्रत्येक संघ वसंताच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो, प्रत्येक सामना नऊ इनिंग्जचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन फलंदाज बाद करावे लागतात. म्हणजे काही सामने लांबले आणि काही आटोपते राहिले तरी ढोबळमानाने एका हंगामात १,४५८ इनिंग्ज, अर्थात ४,३७४ बाद, एवढे काम संघातील पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंना, उरकावे लागते. क्रिकेटशी परिचित असलेल्या वाचकाला पिचर म्हणजे गोलंदाज असे वाटणे स्वाभाविक आहे आणि पहिल्या ओळखीपुरते ते चालूनही जाते. परंतु गोलंदाजाला सहा चेंडूंनंतर षटकभर उसंत मिळते आणि दुपारी थकलेला गोलंदाज संध्याकाळी नव्या चेंडूसह परतू शकतो, तर पिचर फलंदाजापासून साठ फूट सहा इंचांवरच्या मातीच्या उंचवट्यावरून एकटाच सलग टाकत राहतो आणि एकदा त्याला मैदानाबाहेर बोलावले की त्या सामन्यापुरते त्याचे दार बंद होते. त्यामुळे प्रत्येक सामन्यात कोणाचा हात किती खर्ची घालायचा हा प्रश्न बेसबॉलमध्ये क्रिकेटपेक्षा कितीतरी अधिक जाचक ठरतो.

पिचरांच्या ताफ्याची रचना ठरीव असते. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात. संघाकडे साधारणपणे पाच स्टार्टर असतात, ते पाळीपाळीने उतरतात, एका दिवशी नव्वद-शंभर चेंडू टाकून पाच-सहा इनिंग्ज सांभाळतात आणि पुढचे चार-पाच दिवस हाताला विश्रांती देतात. उरलेल्या इनिंग्ज बुलपेनच्या वाट्याला येतात. बुलपेन ही मुळात मैदानाच्या कडेला बदली पिचरांनी हात मोकळा करण्याची जागा, पण त्या जागेचे नाव तिथे बसणाऱ्या सात-आठ जणांच्या गटालाच चिकटले आहे; त्यांतला जो निसटती आघाडी राखण्यासाठी नवव्या इनिंगमध्ये येतो तो क्लोजर. सामन्यासाठी उपलब्ध असलेल्या २६ खेळाडूंत जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात असा नियम आहे, आणि ४,३७४ बाद तेरा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३३६ येतात. कागदावर हा भागाकार निर्धास्त करणारा दिसतो. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये ठरवलेले तेरा जण सप्टेंबरमध्ये शाबूत आहेत असे सहसा होत नाही, आणि म्हणूनच वर्ल्ड सीरीज, म्हणजे विजेतेपदाची जास्तीत जास्त सात सामन्यांची अंतिम मालिका, संपल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यात सराव शिबिरे सुरू होईपर्यंतचे साडेतीन महिने ताफ्याच्या फेरमांडणीत जातात. लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाने २०२३ आणि २०२४ या लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत केलेली फेरमांडणी त्या कामाचे स्वरूप समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे, कारण तिच्यात पैसा, वैद्यक, नियमांतील खाचाखोचा आणि निव्वळ नशीब या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या उघड दिसतात.

डॉजर्सने २०२३ च्या हंगामात १०० सामने जिंकले होते. ऑक्टोबरच्या निर्णायक फेऱ्यांत त्यांची गाठ पडली ती ८४ विजयांच्या बळावर जेमतेम पात्र ठरलेल्या अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सशी, आणि पाच सामन्यांसाठी आखलेली ती मालिका अ‍ॅरिझोनाने तीन सामन्यांतच संपवली. पहिल्या सामन्यात क्लेटन कर्शॉ या डावखुऱ्या दिग्गजाने एकच फलंदाज बाद केला आणि सहा धावा दिल्या. दुसऱ्यात बॉबी मिलर या नवोदिताने पाच बाद करून तीन धावा दिल्या. तिसऱ्यात लान्स लिनने आठ बाद केले, परंतु एकाच इनिंगमध्ये त्याला चार होमरन, म्हणजे चेंडू हवेतून थेट कुंपणापलीकडे धाडणारे फटके, बसले. तिन्ही स्टार्टरांचे मिळून १४ बाद आणि १३ धावा. ज्या संघाने सहा महिने फलंदाजीच्या जोरावर आपली उणीव झाकून ठेवली होती, त्याचे वस्त्र तीन संध्याकाळींत फिटले.

उणीव कुठून आली याचे उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडते. वॉकर ब्युलर या प्रमुख स्टार्टरच्या कोपरावर ऑगस्ट २०२२ मध्ये दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली होती आणि २०२३ चा पूर्ण हंगाम त्याने गमावला होता. डस्टिन मेचे कोपर जुलै २०२३ मध्ये आणि टोनी गोन्सोलिनचे त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस उघडावे लागले. कर्शॉ दुखऱ्या खांद्यानेच अ‍ॅरिझोनासमोर उभा राहिला होता आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्याही खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणजे हिवाळा सुरू झाला तेव्हा डॉजर्सच्या दप्तरात स्टार्टर म्हणून नोंदलेल्या खेळाडूंपैकी बहुतेक जण हातपट्टा बांधून बसले होते.

वरवर उभा दिसणारा दंड आतून कसा तुटतो हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. चेंडू टाकताना पिचरचा हात मागे ताणला जातो आणि क्षणार्धात पुढे फेकला जातो. या हालचालीत कोपराच्या आतल्या बाजूचा, दंडाच्या आणि पुढच्या हाताच्या हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध त्याच्या सहनशक्तीच्या सीमेपर्यंत ताणला जातो. स्नायू व्यायामाने बळकट करता येतात, अस्थिबंध मात्र तसा पोसता येत नाही, आणि स्नायूंचे बळ वाढवून वेग वाढवला की वाढीव ताण शेवटी त्या चिंचोळ्या पट्टीवरच येतो. हा अस्थिबंध फाटला की १९७४ पूर्वी पिचरची कारकीर्द संपत असे. त्या वर्षी टॉमी जॉन नावाच्या पिचरचे कोपर असेच गेले, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच्या उजव्या हातातील कंडरा काढून ती डाव्या कोपरातील हाडांना भोके पाडून त्यांत ओवली. यशाची शक्यता शंभरात एक अशी जोब यांची स्वतःची अटकळ होती. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या कारकिर्दीतील २८८ विजयांपैकी १६४ विजय त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. जोब हे डॉजर्सचे डॉक्टर होते आणि टॉमी जॉन हा डॉजर्सचा पिचर होता, हा योगायोग नजरेआड करता येत नाही: ज्या क्लबच्या दवाखान्यात या दुखण्यावरचा इलाज जन्माला आला, त्याच क्लबला अर्ध्या शतकानंतर हे दुखणे सर्वाधिक छळत होते.

इलाज सापडल्यावर दुखणे कमी झाले नाही, उलट ते नित्याचे झाले. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर प्रसिद्ध केलेल्या अहवालात वेगाचा हव्यास, चेंडूला जास्तीत जास्त वळण देण्याचा अट्टहास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची वृत्ती ही कारणे पुढे आली. वेगवान चेंडूची सरासरी गती २००८ मध्ये ताशी सुमारे १४७ किलोमीटर होती, ती २०२४ पर्यंत सुमारे १५२ वर गेली होती. शस्त्रक्रियेनंतर परतायला बारा ते अठरा महिने लागतात. क्लबांना हे सर्व ठाऊक असते, तरीही बाजारात भाव वेगालाच मिळतो आणि म्हणून विद्यालयातला मुलगाही वेगाच्याच मागे लागतो. डॉजर्सचा पिचिंग प्रशिक्षक मार्क प्रायर हा स्वतः या व्यवस्थेचा साक्षीदार आहे. शिकागो कब्जकडून २००३ मध्ये १८ विजय मिळवणाऱ्या या पिचरचा मेजर लीगमधील अखेरचा सामना २००६ मध्ये झाला, तेव्हा तो पंचविशीतच होता.

हिवाळ्यात पिचर मिळवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. आयपीएलप्रमाणे येथे लिलाव नसतो. सहा वर्षांची सेवा पूर्ण झालेला खेळाडू करार संपताच मुक्त होतो आणि आपल्या प्रतिनिधीमार्फत कोणत्याही क्लबशी बोलणी करू शकतो. त्यापूर्वी मात्र तो क्लबच्या ताब्यात असतो आणि क्लब त्याची दुसऱ्या खेळाडूंशी अदलाबदल करू शकतो. तिसरा मार्ग जपानमधून जातो. तेथील व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूला परदेशी जाण्यासाठी नऊ वर्षे थांबावे लागते, परंतु त्याच्या क्लबने संमती दिल्यास त्याला आधीच अमेरिकी क्लबांपुढे मांडता येते. या पद्धतीला पोस्टिंग म्हणतात, बोलणी ४५ दिवसांत संपवावी लागतात आणि जपानी क्लबला कराराच्या रकमेनुसार ठरावीक मोबदला मिळतो. चौथा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अनिश्चित: इतरांनी टाकून दिलेला पिचर उचलायचा, त्याच्या हाताची ढब किंवा चेंडूंची निवड बदलायची आणि काय होते ते पाहायचे. डॉजर्सच्या बुलपेनमधील भरवशाचा इव्हन फिलिप्स हा २०२१ च्या ऑगस्टमध्ये टॅम्पा बे रेजने यादीतून काढल्यावर असाच जवळजवळ फुकट मिळाला होता. खर्चावर थेट मर्यादा नसली तरी एक कर आहे. २०२४ साठी वेतनखर्चाची सीमा २३ कोटी ७० लाख डॉलर होती, तिच्यापलीकडच्या रकमेवर कर बसतो, आणि वर्षानुवर्षे सीमा ओलांडणाऱ्या डॉजर्ससारख्या क्लबला सर्वांत वरच्या टप्प्यातील प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर दहा सेंट कर भरावा लागतो.

क्लबच्या बेसबॉल विभागाचा प्रमुख अँड्र्यू फ्रीडमन याने २०२३ च्या डिसेंबरमध्ये पहिला मोठा करार केला तो पुढच्या वर्षी एकही चेंडू टाकू न शकणाऱ्या पिचरशी. शोहेई ओहतानी हा फलंदाजी आणि पिचिंग या दोन्ही कामांत अव्वल असलेला जपानी खेळाडू. त्याच्या कोपरावर सप्टेंबर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे २०२४ मध्ये तो केवळ फलंदाज म्हणून खेळणार हे सर्वांना माहीत होते. दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरच्या या कराराची रचना त्याच्या रकमेइतकीच विलक्षण आहे: वर्षाला केवळ २० लाख डॉलर हाती आणि उरलेले ६८ कोटी डॉलर २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी. दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशाचे आजचे मोल कमी धरले जात असल्याने करासाठी या कराराचा वार्षिक आकडा सात कोटींऐवजी सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर इतकाच भरला. यात काही बेकायदा नव्हते, कारण नियमांनी ते मोकळेच ठेवले होते. परंतु छोट्या शहरांतील क्लबांनी त्यावर कुरकुर केली आणि ती कुरकुर अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

ओहतानीमुळे मोकळा राहिलेला पैसा त्याच महिन्यात दोन दंडांवर लावला गेला. टॅम्पा बेकडून टायलर ग्लासनाऊ आला. बदल्यात रायन पेपिओ हा तरुण स्टार्टर आणि एक क्षेत्ररक्षक दिला गेला, आणि ग्लासनाऊशी पाच वर्षांचा १३ कोटी ६५ लाख डॉलरचा करार झाला. सहा फूट आठ इंच उंचीच्या या पिचरचा चेंडू फलंदाजाला वरून कोसळल्यासारखा दिसतो, मात्र तोवरच्या कारकिर्दीत त्याने एका हंगामात १२० हून अधिक इनिंग्ज कधीच टाकल्या नव्हत्या आणि २०२१ मध्ये त्याचेही कोपर शिवून झाले होते. दुसरा योशिनोबू यामामोतो. ओसाकाच्या ओरिक्स बफेलोजकडून खेळताना त्याने २०२१ ते २०२३ अशी सलग तीन वर्षे जपानमधील सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा सावामुरा पुरस्कार पटकावला होता, आणि वय होते अवघे पंचवीस. मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकलेल्या या खेळाडूशी डॉजर्सने बारा वर्षांचा ३२ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला, आणि ओरिक्सला वेगळे ५ कोटी ६ लाख २५ हजार डॉलर दिले. कराराच्या पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा आणि त्यापुढील रकमेवर १५ टक्के, असा तो हिशेब आहे.

म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस ताफ्यात एक शस्त्रक्रियेतून सावरणारा, एक वारंवार मोडणारा आणि एक अपरिचित असे तीन मोठे पिचर आले होते, आणि तिघांच्या करारांची बेरीज एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. या खरेदीवर उतावळेपणाचा आरोप तेव्हा झाला. तो आरोप व्यवहाराचा गाभा चुकवतो. न मोडणारा पिचर बाजारात मिळत नाही हे गृहीत धरूनच फ्रीडमनने मोडण्याची शक्यता असलेले परंतु शाबूत असताना असामान्य ठरणारे हात एकापेक्षा अधिक संख्येने जमवले होते, जेणेकरून ऑक्टोबरमध्ये त्यांपैकी तीन-चार तरी उभे असतील. डॉजर्सच्या पैशाने दंड विकत घेतले, त्याहून अधिक त्या पैशाने दंड बरा होईपर्यंत थांबण्याची ऐपत विकत घेतली.

२०२४ च्या हंगामाने या आडाख्याची कठोर परीक्षा पाहिली. यामामोतोचा खांदा जूनमध्ये दुखावला आणि तो सप्टेंबरपर्यंत बाहेर राहिला. ग्लासनाऊने १३४ इनिंग्ज टाकल्या, जो त्याचा वैयक्तिक उच्चांक ठरला, पण ऑगस्टमध्ये कोपराने त्याला थांबवले. कर्शॉ जुलैच्या अखेरीस परतून सातच सामने खेळू शकला. ब्युलर परतला, परंतु त्याची ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे स्वतःच्या खात्यावर दिलेल्या धावांची सरासरी, ५.३८ होती आणि चारच्या आत असलेल्या सरासरीला बरी म्हणण्याची रीत आहे. त्या वर्षी संघातर्फे सर्वाधिक, १४० हून किंचित जास्त, इनिंग्ज टाकल्या त्या २०२० मध्ये क्लबने स्वतः निवडून वाढवलेल्या गॅव्हिन स्टोनने, ज्याच्यावर हिवाळ्यात एक ओळही छापून आली नव्हती. आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्याही खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. टॅम्पाला दिलेल्या पेपिओने तिकडे किमान वेतनाच्या आसपास राहून ग्लासनाऊच्या जवळपास इनिंग्ज टाकल्या, ही गोष्ट टॅम्पाच्या काटकसरीच्या बाजूने नोंदवायला हवी. जुलैअखेर, अदलाबदलीची मुदत संपण्याच्या तोंडावर, डॉजर्सने डेट्रॉइटकडून जॅक फ्लॅहर्टी हा स्टार्टर आणि शिकागो व्हाइट सॉक्सकडून मायकल कोपेक हा वेगवान बदली पिचर आणला. हिवाळ्यातल्या फेरमांडणीला उन्हाळ्यात ठिगळ लावण्याची ही सोय नसती, तर ऑक्टोबर पुन्हा २०२३ सारखाच गेला असता असे मानायला बरीच जागा आहे.

तो तसा गेला नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी सॅन डिएगो पाड्रेजविरुद्ध १-२ ने मागे असताना चौथ्या सामन्यासाठी डॉजर्सकडे ताजा स्टार्टरच नव्हता, तेव्हा व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्सने बुलपेनमधील आठ जणांना एकामागून एक उतरवले आणि सामना ८-० असा जिंकला. दोन दिवसांनी निर्णायक सामन्यात यामामोतोने पाच इनिंग्ज शून्यावर रोखल्या. न्यूयॉर्क मेट्सविरुद्धचा पुढचा सामना धरून सलग ३३ इनिंग्ज डॉजर्सने धाव दिली नाही. निर्णायक फेऱ्यांतला हा विक्रम बाल्टिमोर ओरिओल्सने १९६६ मध्ये केला होता आणि तो डॉजर्सविरुद्धच केला होता. त्याच मालिकेत डॉजर्सच्या सँडी कुफॅक्सने आपला अखेरचा सामना टाकला आणि कोपराच्या संधिवातामुळे तो तिशीतच निवृत्त झाला. टॉमी जॉनच्या शस्त्रक्रियेला तेव्हा अजून आठ वर्षे अवकाश होता. यांकीजविरुद्धची वर्ल्ड सीरीज डॉजर्सने पाच सामन्यांत जिंकली, आणि शेवटच्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये क्लोजरच्या जागी उभा होता तो एकच दिवस विश्रांती घेतलेला ब्युलर.

विजेतेपदानंतर दुसरी फेरमांडणी झाली. ब्युलर आणि फ्लॅहर्टी मुक्त होऊन गेले. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोनदा मिळवलेला ब्लेक स्नेल पाच वर्षांसाठी १८ कोटी २० लाख डॉलरना आला. जपानहून रोकी सासाकी आला, आणि त्याच्या येण्यात नियमांची गंमत पुरेपूर दिसते. २०२२ च्या एप्रिलमध्ये चिबा लोट्टे मरीन्सकडून त्याने परिपूर्ण सामना टाकला होता, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांपैकी एकालाही तळावर पोहोचू दिले नव्हते, आणि त्यांतले १९ जण तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीनदा चेंडू हुकवायला किंवा सोडायला लावून, बाद केले होते. परंतु पंचवीस वर्षे पूर्ण न झालेल्या परदेशी खेळाडूला मेजर लीग हौशी समजते आणि प्रत्येक क्लबला ठरवून दिलेल्या लहानशा निधीतूनच त्याला रक्कम देता येते. तेवीस वर्षांच्या सासाकीला जानेवारी २०२५ मध्ये ६५ लाख डॉलर मिळाले आणि त्याच्या जपानी क्लबला त्या रकमेचा चौथा हिस्सा. दोन वर्षे थांबला असता तर यामामोतोच्या तोडीचा करार मिळाला असता. तो थांबला नाही, आणि सर्व क्लबांना देता येणारी किंमत जवळपास सारखीच असल्यामुळे निवड त्याच्या मर्जीवर राहिली. पैशावर निर्णय होणे अशक्य झाले की श्रीमंत क्लब हरेल असा या नियमामागचा होरा असेल, तर तो येथे साफ फसला.

बुलपेनसाठी टॅनर स्कॉटशी चार वर्षांचा ७ कोटी २० लाख डॉलरचा आणि कर्बी येट्सशी एका वर्षाचा १ कोटी ३० लाख डॉलरचा करार झाला. हे दोन्ही करार पिचरांच्या बाजारातील सर्वांत जुन्या चुकीची उदाहरणे आहेत. स्टार्टर वर्षाला दीडशेच्या वर इनिंग्ज टाकतो, त्यामुळे त्याच्या सरासरीवर काहीसा विश्वास ठेवता येतो. क्लोजर जेमतेम साठ इनिंग्ज टाकतो, आणि एवढ्या थोड्या नमुन्यात चार-पाच वाईट संध्याकाळींनी उत्तम पिचर सामान्य दिसतो आणि सामान्य पिचर उत्तम. २०२४ मध्ये दोघेही अभेद्य वाटले होते. २०२५ मध्ये स्कॉटच्या हातून दहा वेळा आघाडी निसटली आणि येट्सची सरासरी पाचच्या पुढे गेली. कोट्यवधी डॉलर खर्चून घेतलेले बुलपेन ऑक्टोबरपर्यंत निकामी झाले होते.

परंतु स्टार्टर उभे होते. स्नेल खांद्याच्या दुखण्यामुळे एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत बाहेर राहून परतला होता, ग्लासनाऊही मधला काळ विश्रांतीत घालवून आला होता, ओहतानी १६ जूनला एकेका इनिंगने सुरुवात करत पुन्हा पिचर झाला होता, आणि यामामोतोने हंगामभर ३० सामने सुरू करून २.४९ ची सरासरी राखली होती. मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्धच्या उपान्त्य मालिकेत या चौघांनी क्रमाने २४, २७, १७ आणि १८ बाद केले: चार सामन्यांत ८६ बाद आणि २ धावा. दोन वर्षांपूर्वीचे १४ बाद आणि १३ धावा यांच्या शेजारी हे आकडे ठेवले की दोन हिवाळ्यांचे काम एका ओळीत मावते. नवव्या इनिंगचा प्रश्न सासाकीने सोडवला. मे महिन्यात खांदा दुखावल्याने स्टार्टर म्हणून अयशस्वी ठरलेला हा तरुण सप्टेंबरअखेर बुलपेनमध्ये परतला आणि क्लोजरचे काम करू लागला, जे त्याच्यासाठी कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नव्हते.

टोरंटो ब्लू जेजविरुद्धची वर्ल्ड सीरीज सात सामने चालली आणि तिच्यात यामामोतोने जे केले ते पिचरांच्या विश्रांतीचे सारे आधुनिक संकेत मोडणारे होते: दुसरा सामना त्याने एकट्याने पूर्ण टाकला, सहाव्यात ९६ चेंडू टाकून विजय मिळवला आणि दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबर २०२५ रोजी, सातव्या सामन्यात बुलपेनमधून येऊन अकराव्या इनिंगपर्यंत आठ फलंदाज बाद करत मालिका संपवली. हे शौर्य होतेच, पण क्लबच्या दृष्टीने अजून दहा वर्षे चालायच्या कराराचा दंड एका रात्रीसाठी पणाला लावणेही होते, आणि मालिका गमावली असती तर याच निर्णयावर वेगळे लेख लिहिले गेले असते.

त्याआधी, याच मालिकेतील तिसरा सामना, २७ ऑक्टोबरचा, नऊ इनिंग्जनंतरही बरोबरीत राहिला आणि अठराव्या इनिंगपर्यंत लांबला. डॉजर्सचे बुलपेन एकेक करून रिकामे झाले, आणि शेवटी उरला विल क्लाइन, जो जूनमध्ये सिॲटलकडून एका नगण्य अदलाबदलीत आला होता, हंगामाचा बराच काळ दुय्यम लीगमध्ये होता आणि अंतिम फेरीच्या संघात त्याचे नाव असल्याचे अनेक चाहत्यांनाही ठाऊक नव्हते. त्याने चार इनिंग्ज टाकल्या, ७२ चेंडूंत एकच फटका आणि शून्य धावा दिल्या. तो थकला असता तर एकोणिसाव्या इनिंगसाठी दोनच दिवसांपूर्वी पूर्ण सामना टाकलेला यामामोतो कुंपणाआड हात मोकळा करत होता. अठराव्या इनिंगच्या उत्तरार्धात डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने टोलावलेला चेंडू मध्यभागी कुंपणापलीकडे गेला, आणि यामामोतोने हात थांबवून मैदानाकडे धाव घेतली.